‘एक ना धड, भाराभर चिंध्या’: बीबीएवरच्या त्या मेसेजला माझं उत्तर

बारावीचा निकाल लागला की दोन-तीन दिवसांत तो मेसेज फिरायला लागतो. यंदा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मामांनी टाकला. त्यांची मुलगी नुकतीच कॉमर्सची बारावी झाली आहे आणि तिला बीबीएला, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदवीला जायचंय. मेसेज लांबलचक आहे, पण त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: मॅनेजमेंट वर्गात बसून येत नाही, धीरूभाई आणि डबेवाले कुठे एमबीए झाले होते? बीबीए, बीएमएस म्हणजे सगळ्या विषयांचं थोडं थोडं, एक ना धड, भाराभर चिंध्या. पास झाल्यावर हातात सेल्सची पंधरा हजारांची नोकरी. पुढे एमबीए करायचं तर आयआयएममधूनच, नाहीतर तो नुसता कागद. जागा रिकाम्या पडतात, त्यावरूनच कोर्सची किंमत कळते. त्यापेक्षा फीच्या पैशांत वडापावची गाडी टाका.

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात बीबीए केलं, २०११ साली. तेव्हापासून चाकणच्या पट्ट्यात नोकरी करतो, सध्या मटेरियल प्लॅनिंग, म्हणजे कारखान्याला कुठला माल कधी आणि किती लागेल ते बघतो आणि गेली चार वर्षं शनिवारी एका कॉलेजात तास घेतो. मामांना दोन ओळींत उत्तर लिहायला बसलो होतो, ते जमलं नाही. म्हणून हे सविस्तर.

आधी धीरूभाई. ते कॉलेजात गेले नाहीत, हे खरं. पण ते तरुणपणी एडनला गेले आणि ए. बेसे अँड कंपनी या मोठ्या व्यापारी पेढीत कारकून म्हणून राबले. माल कुठून येतो, कुठे जातो, उधारी किती दिवसांची, भाव का हलतो, हे सगळं त्यांनी तिथे रोज डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे शिक्षण झालंच, फक्त त्याला वर्ग नव्हता. आणि पुढचं मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही. याच धीरूभाईंनी दोन्ही मुलांना मॅनेजमेंट शिकायला अमेरिकेत पाठवलं. मुकेश स्टॅनफर्डला गेले, अभ्यासक्रम अर्धवट सोडून कारखान्याच्या कामासाठी परत आले. अनिल व्हार्टनमधून एमबीए झाले. वर्गातलं शिकणं निरुपयोगी आहे असं धीरूभाईंना वाटत असतं तर त्यांनी दोघांना दुकानावर बसवलं असतं.

डबेवाल्यांचंही तसंच. १८९० पासून चालत आलेलं काम आहे ते. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातली माणसं, गटाचा मुकादम, डब्याच्या झाकणावरच्या खुणा, स्टेशनवर होणारी वाटणी. नवा माणूस जुन्याच्या हाताखाली काम करत करत तयार होतो. एका भागातल्या लोकांनी सव्वाशे वर्षांहून जास्त काळ घासूनपुसून बसवलेली ती पद्धत आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलने तिच्यावर केस, म्हणजे वर्गात चर्चेला घ्यायचं खरं उदाहरण लिहिलं आणि ती वर्गात शिकवली जाते. डबेवाल्यांकडे व्यवस्थापन नाही असं म्हणता येत नाही. ते शिकवता येत नाही, असं तर त्यांच्याकडे बघून मुळीच म्हणता येत नाही.

आणखी एक नाव मी घालीन, डॉ. वर्गीस कुरियन. स्वतः इंजिनियर. आणंदची दूध सहकारी चळवळ उभी केल्यावर त्यांना कळलं की दूध वाढलं, संघ वाढले, पण ते चालवायला गावात राहू शकणारी शिकलेली माणसं कमी पडताहेत. म्हणून १९७९ मध्ये त्यांनी आणंदलाच ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली, इर्मा. पुण्यातली वैकुंठ मेहता संस्था त्याच्याही आधीची, १९६७ ची, आणि ती खास सहकारातल्या व्यवस्थापनासाठी आहे. ज्यांनी कामं प्रत्यक्ष उभी केली, त्यांनाच शिकवण्याची गरज जास्त वाटली.

आता चिंध्यांकडे येतो, कारण हा शब्द मला सगळ्यात जास्त लागला.

माझी पहिली नोकरी स्टोअरमध्ये होती, पगार नऊ हजार. तिसऱ्या महिन्यात सेकंड शिफ्टला असेंब्ली लाइन थांबली. कारण काय, तर एक वॉशर. किंमत ऐंशी पैसे. बिन कार्डवर, म्हणजे साठ्याच्या नोंदीच्या कार्डावर, शिल्लक होती चार हजार दोनशे, आणि रॅकवरची पिशवी उपडी केली तर मूठभर वॉशर खाली पडले. चाळीस मिनिटं बावीस माणसं हातावर हात ठेवून उभी होती. सुपरवायझर माझ्यावर ओरडला आणि त्याचं काही चुकलं नाही.

रात्री खोलीवर जाऊन मी तिसऱ्या सेमिस्टरची वही काढली. एबीसी ॲनालिसिस: वर्षभरात ज्यांच्यावर सगळ्यात जास्त पैसा जातो त्या वस्तू ए, त्यांच्यावर बारीक लक्ष ठेवायचं. ज्यांच्यावर अगदी थोडा जातो त्या सी, त्या मोजत बसायच्या नाहीत, भरपूर ठेवायच्या. परीक्षेला मी ते पाठ करून आठ मार्कांना लिहिलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा कळलं. आमच्याकडे उलट चाललं होतं, ऐंशी पैशांच्या वॉशरचा साठा पैसे वाचवायला कमी ठेवलेला आणि महागडे बेअरिंग दोन-दोन महिन्यांचे पडून. आठवड्याभरात साहेबांना विचारून मी सी वर्गातल्या वस्तूंसाठी दोन-दोन ट्रे लावले. पुढचा ट्रे संपला की तो रिकामा ट्रे हीच मागणीची चिठ्ठी, तोवर मागच्या ट्रेवर काम चालतं. ही युक्ती माझी नाही, पुस्तकातलीच आहे. त्यानंतर वॉशरवरून लाइन थांबली नाही.

पण कार्डावर चार हजार आणि रॅकवर मूठभर, हे का झालं? शोधत गेलो तर रात्रपाळीचा माणूस नोंद न करता माल देत होता. आळस म्हणून नव्हे. माल द्यायच्या चिठ्ठीवर, म्हणजे इश्यू स्लिपवर, सही करणारा साहेब सहा वाजता घरी जायचा. म्हणजे प्रश्न हिशेबाचा होता, माणसांचा होता, अधिकार कुणाला द्यायचे याचाही होता. एका वॉशरच्या मागे माझे चार पेपर उभे होते. बीबीएत सगळ्याचं थोडं थोडं का असतं, त्याचं उत्तर मला तिथे मिळालं. काम असंच येतं. त्यावर कुठल्या विषयाचं लेबल नसतं. आमच्या आजीने जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांतूनच गोधड्या शिवल्या, त्यावर आम्ही वाढलो.

हे मात्र मान्य करतो की शिकवणारा नुसत्या नोट्स उतरवून देत असेल तर चिंध्या चिंध्याच राहतात. असे वर्ग आहेत आणि मी अशाच एका वर्गात तीन वर्षं बसलो. म्हणूनच शनिवारी शिकवायला जातो.

सेल्सची नोकरी आणि कमी पगार. पहिला पगार कमी असतो, हे खरं आहे आणि कुणी मुलांपासून लपवू नये. पण तो बीकॉमलाही कमीच असतो, बीएस्सीलाही. कोर्सच्या नावावर तो फारसा हलत नाही. पर्चेस, डिस्पॅच, प्रॉडक्शन प्लॅनिंग, पेरोल, बँकेतलं कर्ज-प्रकरणांचं काम, हॉस्पिटलचं ॲडमिन, अशा जागांवर माझ्या बॅचची मुलं लागली. सेल्समध्येही लागली. सेल्सला नाक का मुरडायचं? हिंदुस्तान युनिलिव्हरसारखी कंपनी आयआयएममधून घेतलेल्या मुलांनाही सुरुवातीला बाजारात आणि खेड्यांत पाठवते. दुकानदार माल का घेत नाही, हे ज्याने उन्हात उभं राहून ऐकलंय, त्याला पुढे ऑफिसात बसून निर्णय घेताना ते उपयोगी पडतं.

आणि एक नोकरी अशी आहे जिच्याबद्दल गावाकडच्या मुलांना कुणी सांगत नाही. २०२० मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या करायची योजना आणली. त्यात प्रत्येक कंपनीला व्यवस्थापनाच्या खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत आहे, त्यात सीईओचा पगारही येतो. या सीईओची पात्रता मार्गदर्शक सूचनांत लिहिली आहे: कृषी, कृषी पणन किंवा कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा पदवीधर, नाहीतर बीबीए. तिथे बीबीए हा शब्द स्पष्ट छापलेला आहे. आपल्याकडे कांदा, द्राक्ष, हळद, सोयाबीनच्या अशा कंपन्या गावोगाव आहेत आणि त्यातल्या कितीतरींना वेळेवर हिशेब ठेवणारा, खरेदीदाराशी बोलणारा माणूस मिळत नाही. पगार मोठा नाही. पण बाविसाव्या वर्षी अख्ख्या कंपनीचं रोजचं कामकाज हातात येतं.

‘आयआयएम नाहीतर कागद’ यावर फक्त एवढंच सांगतो: आयआयएम २०१८ पर्यंत एमबीएची पदवी देतच नव्हत्या. त्यांना तो अधिकार नव्हता, त्या पदविका द्यायच्या. २०१७ चा कायदा आला तेव्हा त्यांना पदवी देता यायला लागली. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं कंपन्या तिथल्या मुलांना घेत होत्या त्या कागदावर ‘एमबीए’ नसताना. आणि आपल्याकडेच मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून आहे, पुणे विद्यापीठाचा स्वतःचा व्यवस्थापन विभाग आहे. माझा आग्रह इतकाच असतो की बीबीए झाल्या झाल्या लगेच एमबीएला पळू नका. दोन वर्षं कुठेतरी काम करा, मग जा. वर्गात कुठला प्रश्न विचारायचा हे तेव्हा कळतं.

रिकाम्या जागांचं कारण मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसावं. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात पहिल्यांदाच त्यांना सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा लागली. २९ मे २०२४ ला परीक्षा झाली. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांना बीबीएला सीईटी असते हेच ठाऊक नव्हतं. परीक्षा देणाऱ्यांपेक्षा जागा कितीतरी जास्त निघाल्या, ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. मुंबईत काही कॉलेजांनी तर बीएमएसचं नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज केलं, म्हणजे सीईटीची भानगड नको. मुंबई विद्यापीठाचा बीएमएस १९९९ पासूनचा, तो तोवर जोरात चालत होता. मुलांना कोर्स नको झाला म्हणून त्या जागा रिकाम्या राहिल्या नाहीत, दरवाजा मध्येच हलवला म्हणून राहिल्या.

राहिली वडापावची गाडी.

माझ्या वर्गात एका वडापाववाल्याचा मुलगा आहे. वडील पहाटे चारला उठतात, बटाटे उकडायला टाकतात, संध्याकाळी सातला गाडी झाकतात. वीस वर्षं झाली. त्यांनीच मुलाला बीबीएला घातलं. गेल्या वर्षी प्रोजेक्टसाठी पोरगा म्हणाला, ‘सर, मी कंपनी कुठून आणू?’ मी म्हटलं, गाडीचंच कर. त्याने पाच आठवडे एका वहीत रोज लिहिलं: किती लाद्या घेतल्या, किती पाव उरले, कढईत तेल किती वेळा ओतलं. आठवडी बाजाराच्या दिवशी पाव साडेअकरालाच संपत होते आणि गिऱ्हाईक परत जात होतं. सोमवारी पन्नास-साठ पाव उरत होते. वडिलांना अंदाज होता, पण आकडा नव्हता. आता सोमवारी लाद्या कमी येतात आणि बाजाराच्या दिवशी दुसरी खेप दहाला येते. सबमिशनच्या दिवशी वडील कॉलेजात आले होते, पांढरा शर्ट घालून. फाइल हातात घेऊन बराच वेळ पानं उलटत होते.

गाडी टाका म्हणणाऱ्यांनी अशा बापाला एकदा विचारावं की तो पोराला कॉलेजात का पाठवतो.

आमच्या घरी धंदा नव्हता. वडील एसटीत कंडक्टर, पगार एक तारखेला यायचा आणि वीसला संपायचा. ज्यांच्या घरी दुकान आहे, कारखाना आहे, त्यांच्या मुलांना मार्जिन, उधारी, भांडवल हे शब्द जेवणाच्या ताटावर ऐकायला मिळतात. मला ‘खेळतं भांडवल’ म्हणजे काय हे एकोणिसाव्या वर्षी फळ्यावर कळलं. सरांनी उदाहरण दिलं होतं: बचत गटाच्या बायकांना मोठ्या दुकानाची महिन्याला दोन लाखांच्या मसाल्याची ऑर्डर मिळाली. खर्च एक लाख साठ हजार, तो रोख. पैसे साठ दिवसांनी. म्हणजे पहिला रुपया हातात यायच्या आधी गटाने तीन लाख वीस हजार खिशातून घालायचे. नफ्याची ऑर्डर, पण पैसे नसतील तर गट बुडेल. वर्गातली निम्मी मुलं गप्प झाली होती, कारण आमच्यातल्या काहींच्या आया अशाच गटांत होत्या. मेसेज ज्या मुलांना वर्गात जाऊ नका सांगतो, ती नेमकी ही मुलं आहेत. शेठच्या मुलाचं त्याने काही बिघडत नाही.

मामा, एका गोष्टीत मेसेज बरोबर आहे. वर्षाला दीड-दोन लाख फी आणि फाटकावर ‘१००% प्लेसमेंट’चा बोर्ड, अशा कॉलेजासाठी कर्ज काढू नका. मागच्या बॅचच्या पाच मुलांचे नंबर मागा, दिले नाहीत तर परत फिरा. पूर्णवेळ शिक्षक किती, इंटर्नशिप खरी की नुसतं सर्टिफिकेट, तेही विचारा. मी येत्या शनिवारी तास संपवून दुपारी दोनपर्यंत येतो. तिला घेऊन दोन्ही कॉलेजं बघून येऊ. तालुक्याचं आधी बघू, तिथे फी कमी आहे आणि अकाउंट्स शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या आहेत असं ऐकलंय.