रक्ताचा रिपोर्ट कोरा आला तर?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधले जनुकीय बदल रक्तातूनही कळतात, हे एका लेखात वाचलं आणि बाबा आठवले. आजार यकृतात पसरलेला, पुन्हा सुई घालून तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. दादरहून टॅक्सीने परळला नेलं, दोन नळ्या रक्त घेतलं. नळीवरची त्यांच्या नावाची पट्टी अजून डोळ्यांसमोर आहे. केरास (KRAS) नावाच्या जनुकात बदल निघाला, म्हणून सेटुक्सिमॅब हे कॅन्सरवरचं औषध टाळलं. अशा बदलात ते सहसा लागू पडत नाही. केवढा खर्च, केवढा त्रास वाचला!

पण एक गोष्ट लेखात ठळक हवी होती. रक्तात बदल दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं नव्हे. गाठीचा डीएनए रक्तात फारच कमी उतरला, तर तो चाचणीत सापडत नाही. अशा वेळी गाठीच्या तुकड्याच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.