प्रतिक्रियेला उत्तर: साडेबारा किलो आणि 12.350

नमस्कार सर,

नवा घटक (धडा) सुरू करण्याआधी पोरांचं पूर्वज्ञान, म्हणजे त्यांना आधीपासून काय येतं ते, तपासावं आणि दशांश अपूर्णांकांसाठी कापसाच्या वजनाची उदाहरणं घ्यावीत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. पूर्वज्ञान तपासत बसलं तर पाचवीचा अभ्यासक्रम संपायचा नाही; आणि कापसाच्या वजनाची उदाहरणं देऊन आपण खेड्यातल्या पोरांना वावरातच अडकवतो.

पहिला निम्मा मान्य. हे रोज करायचं नाही. घटक सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, शाळा सुटताना, 5 मिनिटं. पण टाचणात (पाठाच्या लेखी तयारीत) ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांक माहीत आहेत’ असं लिहिलं की झालं, असंही नाही. ‘माहीत आहे ना?’ म्हटलं की अख्खा वर्ग ‘हो’च म्हणतो.

दशांश अपूर्णांकच घ्या. फळ्यावर दोन जोड्या लिहा: 12.5 आणि 12.350, 12.75 आणि 12.6. प्रत्येकीतली मोठी संख्या चिठ्ठीवर लिहून घ्या. जास्त अंकांची संख्या मोठी समजणारा पहिल्या जोडीत चुकतो, दुसरीत बरोबर येतो. कमी अंकांची मोठी समजणाऱ्याचं नेमकं उलटं. एकच जोडी दिली तर दोघांपैकी एक जण हुशार ठरून सुटतो.

आता कापूस. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून ज्यांच्याकडे वावर नाही त्या घरच्या पोरालाही साडेबारा किलो हे 12 किलो 350 ग्रॅमपेक्षा जास्त, हे पक्कं ठाऊक असतं. तेच पोर 12.5 मात्र ‘12 किलो 5 ग्रॅम’ असं वाचतं. रुपये-पैसे, किलो-ग्रॅम लिहून लिहून टिंब म्हणजे दोन एककांमधला धुरा (बांध), अशी त्याची समजूत झालेली असते. पूर्वज्ञान असं आडवंही येतं, आणि तपासायचं ते मुख्यतः यासाठी. इलेक्ट्रॉनिक काट्यावर दिसतं तसं 12.500 लिहायला लावा. मग घरं दाखवा: टिंबानंतरचं पहिलं घर 100 ग्रॅमचं, दुसरं 10 चं, तिसरं 1 चं. 5 पहिल्या घरात बसलाय, म्हणून 500.

दुसरा आक्षेप खरा ठरतो तो इथेच थांबलं तर. मागे शून्यं जोडून तुलना करणं ही नुसती युक्ती होऊन बसते. दोन तासिकांनंतर काटा सोडा, मीटरपट्टी घ्या, मग एकक नसलेली संख्यारेषा. तिच्यावर 0.4 आणि 0.35 दाखवता आले पाहिजेत.

बेरजेकडे वळण्याआधी 12.05 किलो म्हणजे किती, एवढं विचारा. ‘12 किलो 50 ग्रॅम’ऐवजी ‘5 ग्रॅम’ असं उत्तर आलं तर थांबा. ते पोर 12.05 + 0.5 = 12.10 लिहिणार.