नकाशा गुंडाळा, व्हिजन ठरवायचंय

तुमच्या शाळेत भूगोल शिकवला जातो, पण त्याचं ‘सामायिक व्हिजन’ लिहिलेलं नाही, ही उणीव अजून कुणाच्या लक्षात आली नसेल तर तुम्ही सुखी आहात. आमच्याकडे आली. मग शाळा सुटल्यावर सगळ्यांना थांबवून घेतलं आणि प्राथमिक विभागाचं भूगोलाचं व्हिजन तयार झालं. लॅमिनेट होऊन आलंसुद्धा. ज्यांच्या नशिबी हे अजून यायचंय, त्यांच्यासाठी चार युक्तीच्या गोष्टी सांगून ठेवते.

बैठकीची सुरुवात भूगोलापासून करू नका. मुलं नेमकी कुठे अडतात, कोणता पाठ शिकवताना आपलीच भंबेरी उडते, असले विषय निघाले की एखादीला खरंच काहीतरी बोलायचं असतं आणि मग सगळ्यांनाच उशीर होतो. त्यापेक्षा रंगीत चिठ्ठ्या वाटा. ‘भूगोल म्हटलं की मनात काय येतं’ ते लिहून भिंतीवर चिकटवायला सांगा. आमच्या भिंतीवर ‘निसर्ग’ पुष्कळदा आला, ‘प्रवास’ आला, ‘आनंद’ आला. पीटीच्या सरांनी तेवढं ‘नकाशा’ लिहिलं होतं. ती चिठ्ठी कुठल्याच गटात बसेना, म्हणून ‘इतर’मध्ये गेली.

मसुद्यात ‘संवेदनशील’, ‘शाश्वत’, ‘जबाबदार जागतिक नागरिक’ हे सगळं आलंच पाहिजे. नदी, डोंगर, प्रमाण, दिशा यातलं काही येता कामा नये. म्हणजे पुढच्या सत्रात विज्ञानाचं व्हिजन मागितलं, की शीर्षक बदलून तोच कागद पुढे सरकवता येतो.

फलकाच्या पार्श्वभूमीला जगाचा नकाशा हवा, आणि तो मर्केटरचाच निवडा. त्या भल्या माणसाने १५६९ मध्ये खलाशांसाठी तो काढला. होकायंत्राची दिशा धरून सरळ रेघ मारता यावी म्हणून त्याने ध्रुवांकडचे प्रदेश ताणले आणि क्षेत्रफळाकडे काणाडोळा केला. त्यामुळे ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. आमच्या फलकावर या नकाशावरच सोनेरी अक्षरांत लिहिलंय, ‘जगाकडे समन्यायी दृष्टीने पाहणारा विद्यार्थी’. छान दिसतं.

राजधान्या पाठ करून घेणं थांबवू नका. दक्षिण आफ्रिकेला तीन आहेत, तिथे बरेच गुण कापता येतात.

बोधचिन्हाला पुरेसा वेळ द्या. आम्ही दोन तळहातांवर पृथ्वी घेतली. चित्र काढायला समोर नमुना हवा म्हणून कपाटातला पृथ्वीगोल, किल्ली शोधून, बाहेर काढला. त्यावर सोव्हिएत संघ अजून ठणठणीत आहे. १९९१ मध्ये तो विसर्जित झाल्याची बातमी कपाटापर्यंत पोचली नाही, मग २०११ मध्ये स्वतंत्र झालेल्या दक्षिण सुदानची काय कथा. वरून गोलाची दांडी कधीतरी सरळ ठोकून बसवलेली आहे. म्हणजे आसाचा साडेतेवीस अंशांचा कल गेला, आणि ऋतू होतात ते या कलामुळेच, म्हणून कलाबरोबर ऋतूही गेले. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा होतो, असं आमच्याकडे एकाहून जास्त वर्गांत बिनदिक्कत सांगितलं जातं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, जेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. बैठकीत एवढं एक वाक्य मी बोलले. उत्तर मिळालं, “मॅडम, आशयात नको शिरायला. आत्ता आपण व्हिजनवर आहोत.” हे वाक्य तुम्हीही पाठ करून ठेवा, कुठेही चालतं.

आणि काहीही झालं तरी मुलांना वर्गाबाहेर नेऊ नका. ही सगळ्यात महत्त्वाची सूचना. बाहेर ऊन असतं. बाहेर जमीन असते, तिला उतार असतो, उताराने पाणी कुठेतरी जातं, आणि मुलं ते कुठे जातं म्हणून विचारतात. हे धोके ओळखूनच चौथीच्या वर्गाला मैदानात काठी रोवून सावली मोजू द्या असा अर्ज मी दिला, तो अजून विचाराधीन आहे. पालक काय म्हणतील? खिडकीतून पाहून बाकीच्या वर्गांचं लक्ष विचलित झालं तर? काठी कुणाला लागली तर जबाबदार कोण? एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सावलीचा कोन आणि दोन गावांमधलं अंतर एवढ्या भांडवलावर पृथ्वीचा परीघ काढला. तो आमच्याकडे नोकरीला असता तर पृथ्वी अजून मोजायचीच राहिली असती. मला तर परीघसुद्धा नको होता हो! दिवसातली सगळ्यात आखूड सावली उत्तर-दक्षिण पडते, तेवढी रेघ मुलांना खडूने मारू द्यायची होती. मग त्या रेघेवर नकाशा जमिनीवर अंथरायचा, उत्तरेला उत्तर जुळवून, आणि मुलांना त्याच्याभोवती बसवायचं. का, ते सांगते. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते असं सांगितल्यावर वर्गातला एक मुलगा उठला, भिंतीवरच्या नकाशावर नदीवरून बोट फिरवत फिरवत टाचा उंच करून भूमध्य समुद्रापर्यंत गेला आणि म्हणाला, “मग पाणी वर कसं चढतं?” अगदी बरोबर विचारलं त्याने. आपण नकाशा भिंतीला टांगतो, उत्तरेला ‘वर’ म्हणतो, दक्षिणेला ‘खाली’ म्हणतो, आणि वर्षानुवर्षं त्याच्या डोक्यात उत्तर दिशा छताकडे असते. उगमाकडची जमीन उंच आहे म्हणून पाणी तिकडून इकडे येतं, हे त्याला कळायला आधी नकाशा आडवा करायला हवा. दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांना परवानगी नाही, आणि बोधचिन्हातल्या पृथ्वीचे हात कोणत्या रंगाचे हवेत यावर सगळा स्टाफ तासभर बसून!

शेवटी सगळ्यांच्या सह्या घ्या. निळ्या पेनानेच.

जाऊ दे, हे उपरोधाचं सोंग मला फार वेळ जमत नाही.

अहो, पहिलीत आपण चार दिशा शिकवतो. दुसरीत चार दिशा. तिसरीत पुन्हा चार दिशा, चौथीत उपदिशा मिळवून आठ. आधीच्या वर्गात काय झालंय ते पुढच्या वर्गाच्या बाईंना ठाऊक नसतं, कारण ते आपण एकमेकींना कधी सांगितलेलंच नाही. सगळ्यांनी मिळून ठरवायचं होतं ते हे. पहिलीत डावं-उजवं, मागे-पुढे पक्कं होणार का? दुसरीत टेबलावरची पाटी आणि डबा वरून पाहिल्यावर कसे दिसतात ते मूल काढणार का? तिसरीत पावलं मोजून वर्गाचा आराखडा कोण करून घेणार? चौथीत प्रमाण आलं पाहिजे: एकास पन्नास धरलं तर आठ मीटरची भिंत कागदावर सोळा सेंटिमीटर, आणि ती मुलाने स्वतः टेपने मोजलेली हवी. ऋतूंबद्दल चुकीचं सांगणं कोणत्या तारखेपासून बंद करणार? पृथ्वीगोलाची दांडी कोण तिरकी करणार? याला एक पान लागलं असतं, आणि ते लॅमिनेट करायचीही गरज नव्हती.

मुख्याध्यापक, तुम्ही यातलं एकही ठरवलं नाहीत. विचारलं तेव्हा गप्प बसवलंत. फलक मात्र ऑफिसबाहेर अशा उंचीवर लावलात, की पाहुण्यांना वाचता येईल आणि पहिलीच्या मुलाला दिसणारसुद्धा नाही. तो फलक खुशाल राहू द्या तिथे. पण सोमवारी वर्गवार यादी करायला बसायचंय, सगळ्यांनी आपापली पाठांची टाचणं घेऊन यायचंय, आणि आशयात शिरायचंय. माझा अर्ज तुमच्या टेबलावर आहे, त्यावर आधी सही करा.