फलकावर विशेषणं कमी, पत्ता पक्का हवा

छोट्या गावात स्मृतिफलक लावायचं ठरलं की पहिली बैठक नावांच्या वादातच संपते. कोण मोठं, कुणाचं नाव आधी, अमक्याला घेतलं तर तमक्याला का नाही. शेवटी एकमत कुणावर होतं? जो गावात जन्मला आणि चालायला लागायच्या आत घरच्यांबरोबर गाव सोडून गेला, अशा एखाद्या प्रसिद्ध माणसावर. बाहेरच्यांना नाव माहीत आहे ना, झालं तर मग!

मला हे पटत नाही. फलक हा जागेचा असतो. या दाराच्या आत कोण राहिलं, काय झालं, एवढं त्याने सांगावं. थोरवी वाचायला पुस्तकं आहेत.

इंग्लंडमध्ये डर्बीशायरला ईम नावाचं छोटं गाव आहे. 1665 साली लंडनहून आलेल्या कापडाच्या गाठोड्याबरोबर तिथे प्लेग शिरला असं मानतात. पुढच्या उन्हाळ्यात पाद्री विल्यम मॉम्पेसन यांच्या पुढाकाराने गावाने स्वतःलाच कोंडून घेतलं, साथ शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून. हद्दीवरच्या दगडाला खळगे होते. त्यांत व्हिनेगर ओतून पैसे ठेवायचे, बाहेरच्यांनी ते घ्यायचे आणि सामान ठेवून जायचं.

आता या गावातले फलक बघा. एका घरावर लिहिलंय की इथे मेरी हॅडफील्ड राहत होती. दोन मुलगे, नवा नवरा आणि कामाला ठेवलेला जॉर्ज व्हिकर्स. व्हिकर्स 7 सप्टेंबर 1665 रोजी गेला, प्लेगचा पहिला बळी. 4 वर्षांचा एडवर्ड 22 सप्टेंबरला. 12 वर्षांचा जोनाथन 2 ऑक्टोबरला. नवरा पुढच्या ऑगस्टमध्ये. मेरी एकटी वाचली, तिचे 13 नातलग गेले.

बस, इतकंच. कुणी थोर नाही, कुणी वीर नाही. तारखा वाचता वाचता आपणच मधले दिवस मोजायला लागतो. आणि हा व्हिकर्स म्हणजे शिंपीकाम करणारा पगारी माणूस. 'नामवंतांच्या यादी'त त्याला कुणी बसू दिलं असतं?

लंडनमध्ये नामवंत जिथे राहिले त्या घरांवर निळे स्मृतिफलक लावतात. त्यांचा एक नियम मात्र प्रत्येक गावाने डोळे झाकून उचलावा. माणूस जाऊन 20 वर्षं झाल्याशिवाय त्याच्या नावाचा विचारच होत नाही. तेवढ्यात सत्कार करणारे आणि करवून घेणारे दोघेही थंडावतात. मजकूरही आटोपशीर असतो. किंग हेन्रीज रोडवरच्या 10 क्रमांकाच्या घरावर बाबासाहेबांचं नाव, जन्म-मृत्यूची सालं, सामाजिक न्यायासाठी लढणारे अशी एक ओळ आणि 1921-22 मध्ये इथे राहिले ही नोंद, बाकी काही नाही. एवढ्या माणसाला एवढ्याशा शब्दांत बसवता येतं, तर आपल्या माजी अध्यक्षांना चौदा ओळी कशाला? (त्यातल्या सहा अनावरण करणाऱ्यांच्या असतात, ते वेगळंच.)

बायकांचं तर विचारूच नका. अनेक घरांत पाहुण्या पुढाऱ्याच्या एका रात्रीच्या मुक्कामाचा फलक असतो, आणि त्याच घरात आयुष्यभर सुईणीचं काम केलेल्या बाईची कुठे ओळही नसते. लंडनमध्येही फलकांवर बायका फारच कमी आहेत, म्हणजे हे दुखणं फक्त छोट्या गावांचं नाही. पण छोट्या गावाला ते दुरुस्त करणं सोपं आहे. जन्ममृत्यूची नोंदवही, शाळेचं जुनं हजेरीपुस्तक, गल्लीतल्या चार म्हाताऱ्या, इथून सुरुवात होते.

आणखी एक. लंडनचा पहिलावहिला फलक 1867 साली कवी बायरन यांच्या जन्मस्थळी लागला. 1889 मध्ये ते घरच पाडलं. तेव्हा फलकाची वर्गणी काढण्याआधी घरमालकाला गाठा, घर किती वर्षं ठेवणार आहे ते विचारा, आणि मजकुराची एक प्रत पुराव्यांसकट ग्रंथालयात नोंदवून ठेवा. रंग कुठला आणि किनार कशी, हे नंतर बघता येईल.