सव्वा मूठ गहू

श्रावण लागला की आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गव्हाचा हिशेब सुरू होतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसते. त्याआधी तिच्या प्रसादाच्या रोटांचे गहू निवडायचे, आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. गिरणी धुवून घ्यायची, मग दळण. यंदा पुण्याच्या धाकट्या वहिनीने सरळ विचारलं, "आमच्या दोन्ही मुलींच्या नावाची मूठ का नाही?"

ग्रुप पेटला. आप्पांचं म्हणणं, रोट कुळाचा. पोरगी उद्या दुसऱ्या कुळात जाणार. (तिथे गेल्यावरही तिची मूठ नाहीच, ते वेगळं.) एका पुतण्याने सगळं थोतांड ठरवून टाकलं. मी स्टुटगार्टहून लांबलचक मेसेज टाकला, तर अहिराणीत उत्तर आलं, "तठे बशीसन आठेनं काय समजस तुले?"

टोमणा खोटा नाही. पहाटे उठून पुरण वाटणं माझ्या वाट्याला कधी आलं नाही. रात्रभर कानबाईची गाणी म्हणून सोमवारी तिला डोक्यावर घेऊन गिरणा नदीवर जाणाऱ्या बायकांत मायचा आवाज सगळ्यात वर असायचा. चौरंगावर नारळाची कानबाई, तिला नथ, गळ्यात घरातलं सोनं. हे करताना माय जशी हसायची तशी एरवी वर्षभर दिसायची नाही. पुतण्याला जे थोतांड वाटतं, त्यात तिचे वर्षातले दोन दिवस तिचे स्वतःचे होते. म्हणून मला कानबाई बंद झालेली नको आहे. सुरतेत कामाला गेलेलं अर्धं गाव त्या एका रविवारी परत येतं, ते बंधन मी इथे बसून नाकारू कसा?

पण मूठ नुसती गव्हाची नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि मग 2005 च्या दुरुस्तीने देशाने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हिस्सा दिला. गावी काय होतं? बाप गेला की भाऊ हक्कसोडपत्राचा कागद घेऊन येतात, बहीण सही करते, साडी घेऊन परत जाते. माझ्या आत्यांनीही केली. कोणी हात धरून करवली नाही. पाच वर्षांची असताना गव्हात आपलं नाव नाही हे जिने पाहिलं, तिला पन्नाशीत सातबाऱ्यावर नाव नसल्याचं नवल कशाला वाटेल? कायदा कचेरीत असतो, रोट ताटात.

इकडे जर्मनीत मोजदाद सरकारी कागदावर होते. नवीन शहरात पत्ता नोंदवताना धर्म विचारतात. चर्चचा सभासद असाल तर या राज्यात प्राप्तिकराच्या आठ टक्के चर्च-कर पगारातूनच कापला जातो. नको असेल तर नोंदणी कचेरीत जाऊन, फी भरून नाव काढायचं. माझ्या एका सहकाऱ्याने काढलं. दोन वर्षांनी बहिणीच्या बाळाचा धर्मपिता व्हायची वेळ आली तेव्हा पाद्रींनी नाही म्हटलं, आणि हा पठ्ठ्या कँटीनमध्ये माझ्यासमोर डोळे पुसत बसला. देवावर विश्वास नव्हता, पण यादीत नसणं लागलंच. युरोपातली माणसं परंपरेतून सुटली, असं गावी सांगणाऱ्यांनी गुड फ्रायडेला इथे नाचगाण्यावर असलेली कायद्याची बंदी एकदा बघून जावी.

फरक एवढाच की तो दाराबाहेर पडल्याचा कागद हातात घेऊन पडला. आमच्याकडे आत येण्याचाही कागद नाही नि बाहेर पडण्याचाही. आहे ती चुलत्यांची नजर.

अमळनेरला शिकवलेले साने गुरुजी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषणाला बसले ते विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं करा म्हणून. देऊळच नको म्हणणारा माणूस तिथे दहा दिवस उपाशी कशाला बसेल? वहिनीचा प्रश्न मला त्या जातीचा वाटतो. ती रोट बंद करा म्हणत नाही, मूठ वाढवा म्हणते. आप्पांना पुतण्याच्या थोतांडाची भीती नाही, हिची आहे.

आता माझं. इथे आमच्या घरात पुरुष एकटा मीच, म्हणजे नियमाने सव्वा मूठ. मागच्या श्रावणात बायकोने विचारलं, किती घेऊ? मी चार सव्वा मुठी म्हणालो: ती, मी, दोघी मुली. गिरणी नाही, मिक्सरच धुतला. रोट कुळाबाहेर द्यायचा नसतो, तरी वरच्या मजल्यावरच्या आजी वास येतो म्हणून खाली आल्या आणि अर्धा खाऊन गेल्या. मायला व्हिडिओ कॉलवर कानबाई दाखवली, परात दाखवली नाही. ग्रुपवर तो लांबलचक मेसेज टाकतानाही हे तेवढं गाळलं. आप्पा हे वाचतीलच. मेसेज आला की कळेल.