सुई पॉवरफुल आणि गोळी फुसकी? त्या फॉरवर्डचं जरा बघू

"गोळीतलं निम्मं औषध पोटातच वाया जातं, म्हणून डॉक्टरांना सरळ सुई मारायला नाहीतर सलाईन लावायला सांगा, दम्याचा पंप घेऊ नका सवय लागते, गोळी गिळवत नसेल तर कुटून मधात चाटवा, गुण तोच, आपल्या पूर्वजांना हे सगळं माहीत होतं" असं एक फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर फिरतंय, खाली हात जोडलेले इमोजी वगैरे. यातलं प्रत्येक वाक्य कुठल्यातरी काकांनी आपल्याला आधीच कधीतरी सांगितलेलं असतं, त्यामुळे खरं वाटतं. एकेक घेऊ.

निम्मं वाया जातं हे काही औषधांबाबत खरंय, उगाच नाही म्हणणार नाही. आतड्यातून शोषलेलं औषध आधी लिव्हरमधून जातं आणि लिव्हर त्यातलं बरंचसं मोडून टाकतं. पण अहो, गोळीचा डोस हे धरूनच ठरवलेला असतो ना! तीव्र वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनचं बघा, इंजेक्शनने १० मिलिग्रॅम पुरत असेल तर तोंडावाटे साधारण ३० लागतं, मग तेवढं देतात, विषय संपला. आणि सगळ्याच औषधांचं असं होतही नाही. लिनेझोलिड म्हणून एक तगडं अँटिबायोटिक आहे, ते शिरेतून ६०० आणि गोळीतूनही ६००च, कारण गिळलेलं जवळपास सगळं रक्तात पोचतं. तरी साध्या तापाला, पॅरासिटामॉल आरामात गिळता येत असताना, कमरेत सुई मागणारे पेशंट आहेत आणि देणारे डॉक्टरही आहेत (दुसरं जास्त वाईट), सुई टोचली की दोघांनाही फी वसूल झाल्यासारखी वाटते. चुकीच्या जागी टोचली तर सायटिक नस दुखावून पाऊल लुळं पडू शकतं ते कोण सांगणार. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात हिपॅटायटिस बी ची साथ आली ती एकाच्या सुया-सिरिंज दुसऱ्याला वापरल्यामुळे, माणसं गेली त्यात.

मग इन्सुलिन का टोचतात, असं कुणीतरी विचारणारच. ते प्रोटीन आहे, गिळलं तर जेवणातल्या डाळीसारखं पचून जाईल, एवढंच कारण. "इन्सुलिनवर गेला म्हणजे शेवटची स्टेज" हे त्याच डोक्यातून आलेलं, की सुई म्हणजे काहीतरी भारी आणि भयंकर. मॅग्नेशियम सल्फेट तोंडाने घेतलं तर जुलाब होतात आणि तेच गरोदर बाईला बीपी वाढून झटके येत असतील तर शिरेतून देऊन झटके थांबवतात. आता यातलं कुठलं जास्त पॉवरफुल सांगा.

सलाईनचं तर विचारू नका. "दोन बाटल्या चढवा डॉक्टर, अंगात ताकद नाही." नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत असतं साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी, कॅलरी शून्य. पाच टक्के ग्लुकोजवाली घेतलीत तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे फार तर १०० कॅलरी, तेवढ्या एका पोळीत मिळतात आणि पोळीला अ‍ॅडमिट व्हावं लागत नाही. उलट्या थांबत नाहीत, शुद्ध नाही, बीपी पडलंय तेव्हा सलाईनच जीव वाचवतं, त्यात वाद नाही. पण पाणी तोंडाने आत जात असेल तर? १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पेशंटना प्यायला द्यायला लावलं, नातेवाईकच पाजायचे. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मेडिकलमध्ये ओआरएसची पुडी मिळते ना, त्यामागे हे सगळं आहे.

पंपाची सवय. दम्यात श्वासनलिका मोकळी करणारं साल्ब्युटामॉल घ्या, त्याच्या गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम (हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम), म्हणजे वीस ते चाळीस पट कमी, कारण ते थेट श्वासनलिकेत जातं. पंपाला घाबरून गोळ्या घेणारा माणूस जास्त औषध खातोय. दमा वर्षानुवर्षं राहतो म्हणून पंपही राहतो, त्याला सवय म्हणत नाहीत, चष्म्याला कुणी म्हणतं का? स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येते, हे मात्र लक्षात ठेवा.

पूर्वजांचं म्हणाल तर त्यांनी काढा, चूर्ण, चाटण, गुटी, लेप, धुरी, नाकात नस्य, डोळ्यात अंजन, बस्ती (म्हणजे एनिमा) इतके प्रकार करून ठेवलेत, आणि चरकसंहितेत बस्तीला अर्धी चिकित्सा म्हटलंय. कसंही घ्या गुण तोच असं त्यांना वाटत असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता त्यांनी?

राहिलं कुटणं, आणि हे सगळ्यात धोक्याचं, कारण घरातली माणसं हे प्रेमाने करतात. बीपीची निफेडिपिनची रिटार्ड गोळी तासन्‌तास हळूहळू सुटावी अशी बनवलेली असते, ती कुटली की सगळा डोस एकदम, आणि आजोबा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतात. अ‍ॅसिडिटीच्या पँटोप्राझोलवर कोटिंग असतं कारण पोटातलं अ‍ॅसिड ते औषध नासवतं, कुटलं की कोटिंगच गेलं. हृदयविकाराने छातीत दुखायला लागलं की घ्यायची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची ती लिव्हर टाळून पटकन रक्तात जावी म्हणून, ती गिळून बसलात तर छातीत दुखतंय ते दुखतंच राहतं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवूच नका, त्यात बॉट्युलिझमचे (बाळाचे स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराचे) जंतू असू शकतात. स्ट्रिपवर नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल, सीआर असलं काही (म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी) असेल तर खलबत्ता काढायच्या आधी डॉक्टरांना नाहीतर मेडिकलवाल्याला फोन करा, पुष्कळदा त्याच औषधाचं सिरप किंवा विरघळणारी गोळी मिळून जाते.