जनुकं तीच, मग अजगराला पाय का नाहीत?

नमस्कार. तुमचा आक्षेप नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो. (हॉक्स जनुकं म्हणजे गर्भात शरीराचा कुठला भाग कुठे घडणार हे ठरवणारी जनुकं.) तुम्ही म्हणता, ‘उंदीर, माणूस, अजगर या सगळ्यांची हॉक्स जनुकं जवळपास सारखीच, हे तुमच्याच लेखात आहे. मग अजगराला पाय का नाहीत? शरीराची ठेवण जनुकं ठरवतात हा दावाच पोकळ.’

जनुक असणं आणि ते चालू होणं, या दोन गोष्टी तुम्ही एकच धरल्यात. सगळा फरक तिथेच पडतो.

माणसात हॉक्स जनुकं 39, चार गुणसूत्रांवर चार झुबक्यांत. झुबक्यात ती ज्या क्रमाने बसलेली असतात, त्याच क्रमाने गर्भात डोक्याकडून शेपटीकडे कामाला लागतात. हा क्रम जनुकशास्त्रज्ञ एडवर्ड लुईस यांनी 1978 साली फळमाशीत मांडला. 1995 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. कुठलं जनुक कितव्या मणक्यापासून चालू झालं, यावर तो मणका मानेचा की बरगडीवाला हे ठरतं. शागुतीला गावठी कोंबडा आणाल तेव्हा मान टाकून देऊ नका. शिजल्यावर मणके सुटे करून मोजा. मुंडीबरोबर एखादा गेला असेल तो धरून 14 भरतील. उंदराला 7, तुम्हाआम्हालाही 7. आता हॉक्सपैकीच एक जनुक, हॉक्स-सी6, बघा. कोंबडीत आणि उंदरात दोघांतही ते मान संपून छाती सुरू होते तिथेच चालू होतं. जनुक तेच, जागा सरकलेली. उलट्या बाजूने पुरावा हवा असेल तर वेलिक आणि कापेची या शास्त्रज्ञांचं 2003 चं काम आहे: उंदरातली हॉक्स-10 गटातली तिन्ही जनुकं निकामी केली, तर कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या फुटल्या.

आता पाय. गर्भात फुटणाऱ्या पायाच्या कोंबाला वाढवणारं सॉनिक हेजहॉग हे जनुक अजगरात शाबूत आहे. ते नसतं तर मेंदूही धड घडला नसता. बिघाड आहे तो त्या जनुकापासून लाखो अक्षरं दूर असलेल्या डीएनएच्या छोट्या पट्ट्यात. ते जनुक पायाच्या कोंबात चालू करणं एवढंच त्या पट्ट्याचं काम. 2016 मध्ये उंदरातला हा पट्टा काढून अजगराचा बसवला, तेव्हा पिल्लांचे पाय खुंटले. माणसाचा बसवला तर पाय व्यवस्थित आले. आणि अजगराच्या पट्ट्यातून गळालेली 17 अक्षरं परत घातली, तेव्हाही आले! याहून स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही.

अजगराच्या गर्भात मागच्या पायांचे कोंब उगवतात आणि थोडं वाढून थांबतात. पावसात वस्तीत आलेला अजगर सर्पमित्र पकडतील, तेव्हा शेपटीच्या मुळाशी, विष्ठाद्वाराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या नख्या दाखवायला सांगा. नराच्या मोठ्या असतात. आत मांडीच्या हाडाचा अवशेषही आहे.

राहिला सापाच्या तीनशे मणक्यांचा प्रश्न. ती संख्या मुख्यतः वेगळ्याच यंत्रणेतून येते. गर्भाच्या पाठीत ठरावीक वेळाने एकेक खंड पडत जातो, कोंबडीत दर 90 मिनिटांनी. या खंडांपासूनच पुढे मणके बनतात. सापात वाढीच्या मानाने हे घड्याळ फार जलद चालतं, म्हणून खंड लहान आणि पुष्कळ. त्यावर पुढचा लेख लिहितोय, तिथे जरूर भांडायला या.